देवराव पेंटरचा नारळ

घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकमागे अडकलात तर हॉर्न वाजवून काही उपयोग नाही. त्यापेक्षा ट्रकचा मागचा फाळका बघत बसावं. धुळीखाली एखादं बेट दिसेल. निळं पाणी, लालभडक सूर्य, एक होडी आणि बाजूला झुकलेलं नारळाचं झाड. खाली कोपऱ्यात ‘देवराव पेंटर, घुग्घुस’ आणि मोबाईल नंबर. देवराव रामटेके यांनी अशी किती बेटं रंगवली, ते त्यांनाही सांगता येणार नाही. समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नाही. तरी ड्रायव्हर लोकांना तेच बेट लागायचं. दिवसभर काळी धूळ खाणाऱ्या माणसाला आपल्या गाडीवर थोडं निळं पाणी असावंसं वाटलं तर त्याचं काय चुकलं? आता ते पाणी त्याला दिसत नाही, मागच्यालाच दिसतं, ही गोष्ट वेगळी.

पण हे माझं आजचं मत. आधी मला त्या नारळांचा राग यायचा. मी चित्रकला शिकवते आणि चंद्रपुरात आम्ही काही जण दर रविवारी बाहेर पडून जलरंगात चित्रं काढतो. किल्ल्याचा परकोट, रामाळा तलाव, इरईचा पूल, सावली मिळेल तिथे बूड टेकतो. एका रविवारी घुग्घुसच्या नाक्यावर उभे ट्रक रंगवत बसलो होतो, तेव्हा मागून आवाज आला.

“मॅडम, नंबर प्लेट खाली राह्यली न तुमची.”

वळून पाहिलं तर साठीपुढचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला गृहस्थ. मी जरा तोऱ्यातच सांगितलं, की जलरंगात सगळं भरायचं नसतं, काही जागा कोरी सोडायची असते.

“खाली सोडलं तं मालक म्हणन, काम अधुरं हाये,” ते म्हणाले आणि मनापासून हसले.

पुढच्या रविवारी ते, म्हणजे खुद्द देवराव पेंटर, मोटारसायकलवरून थेट रामाळा तलावावर हजर. ट्रकवर आता स्टिकर चिकटवतात, हाताच्या कामाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, आणि रिकामं बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

शिष्य म्हणून देवरावभाऊंनी तीन वर्षं माझा घाम काढला. ऑइल पेंटमध्ये चूक झाली की वरून दुसरा हात मारता येतो. जलरंगात तसं चालत नाही. पहिलं पडलं ते पडलं. हे त्यांना पटायचं, पण हाताला पटायचं नाही. कागदावर बोटभर कोरी जागा दिसली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. कागदही त्यांना सगळ्यांत मोठा लागायचा. सहीच्या जागी मोबाईल नंबर असायचाच. आणि नारळ! इरईच्या पुलाशेजारी नारळ, परकोटाच्या दरवाजात नारळ. शेवटी मी जाहीर केलं, की आमच्या गटात नारळ बंद. “हो मॅडम,” म्हणाले. पुढच्या रविवारी बाभळीच्या आड एक छोटासा नारळ डोकावत होताच. आमच्या गटातली खुशबू, ती दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, देवरावभाऊंचं चित्र हातात आलं की आधी नारळ शोधायची.

त्यांच्या पत्नीला, बायनाबाईंना, मी पहिल्यांदा भेटले ते त्यांच्या घरीच. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्याखाली एक लोखंडी पेटी. पेटीवर तेच बेट, लग्नाच्या वर्षी रंगवलेलं.

“यायनं नारळाचं झाड पाह्यलं का कधी, विचारा बरं,” बायनाबाई हसत म्हणाल्या आणि चहाचा कप ठेवायला बशी चाचपडू लागल्या. बशी त्यांच्या हाताशीच होती.

मग त्यांनी स्वतःच सांगितलं. डोळ्यांत काचबिंदू होता. कडेची सगळी नजर गेली होती, मधली तेवढी उरली होती. गेलेली नजर परत यायची नाही, थेंब घालून उरलेली टिकेल तितकी टिकवायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

“चुलीच्या फुंकणीतून पाहावं न बाई, तसं दिसते मले. हे पेटीवरचं नारळ दिसते. मंग मान वळवली का सूर्य दिसते. पन संगं नाई दिसत दोघं.”

मग त्या माहेराबद्दल बोलू लागल्या. माहेर त्यांचं गोंडपिपरीच्या पलीकडे, वैनगंगेच्या काठी. हिवाळ्यात पाणी उतरलं की नदीतलं बेट उघडं पडायचं आणि त्यांचे वडील तिथल्या रेतीत टरबुजाची वाडी लावायचे. झोपडी बांधून लहानगी बायना बापासोबत कोल्हे हाकायला राहायची.

“ते बेट एक डाव पूरं पाहाचं हाये मले. मंग गेली नजर तं गेली.”

देवरावभाऊ दारात बसून ब्रश धूत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण तो ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता आणि ते धूतच होते. पुढच्या रविवारी त्यांनी मला बाजूला घेतलं.

“मॅडम, एक डाव वैनगंगेवर जाऊ न. बायनाले घेऊन.”

माघात गेलो, खुशबूही सोबत होती. गाडीत बायनाबाई पुढे बसल्या होत्या. नवं लुगडं, डोक्याला तेल, माहेरी निघालेल्या बाईची सगळी लगबग. काठावर डोंगा, म्हणजे लहानशी होडी, घेऊन पत्रू नावाचे म्हातारे बसले होते. त्यांनी बायनाबाईंच्या वडिलांचं नाव घेऊन ओळख पटवली, तेव्हा बाईंचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, आलो ते कारणी लागलं.

समोर बेट लांबच लांब पसरलं होतं. पांढरी रेती, झाऊची झुडपं, टोकाला पाण्यावर वाकलेलं अर्जुनाचं झाड, मधे वेलींचे हिरवे पट्टे. मला ते एका नजरेत दिसलं. बायनाबाई मात्र मान हळूहळू फिरवत होत्या.

“रेती दिसली... झाडाचा बुडखा दिसला... आता रेती गेली. कुठून कुठलोग हाये वो ते?”

देवरावभाऊंनी त्यांचे खांदे धरून इकडे वळवलं, तिकडे वळवलं. शेवटी बाई तिथेच खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून रडल्या.

“कायले आली मी? पेटीवानीच दिसून राह्यलं. तुकडे तुकडे.”

मग आम्ही जे येतं तेच केलं, रंग उघडले. मी मोठा कागद घेतला. यांच्यासाठी जन्मातलं सगळ्यांत चांगलं बेट काढायचं, असं ठरवून बसले, आणि स्वतःच सांगते, चित्र फार छान उतरलं. बायनाबाईंसमोर धरलं. वर्तमानपत्र वाचावं तशी त्यांची मान त्यावरून सरकत गेली.

“छान हाये बाई. पानी छान हाये,” त्या म्हणाल्या. इथेही त्यांना तुकडेच दिसले होते. माझे डोळे भरून आले आणि मी कागद खाली ठेवला.

देवरावभाऊंच्या फळ्यावरचा कागद अजून कोराच होता. ते उठले, बायनाबाईंच्या समोर येऊन बसले आणि आपला पंजा पसरून धरला.

“पाह्य इकडे. हात पूरा दिसते?”

“बोटं नाई दिसत.”

ते बसल्या बसल्या थोडे मागे सरकले. “आता?”

“अंगठा नाई.”

आणखी मागे सरकले.

“आता दिसते. पाचही.”

मग त्यांनी बायनाबाईंना हात लांब करायला सांगितला. तो पंजापर्यंत पोचेना. “म्हंजे हातात धरून पाहाचं तं याच्याहून लहान पायजे,” ते स्वतःशीच म्हणाले. ट्रकवर काम धरताना आधी फाळक्याचं माप घ्यायचं, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. ते बायकोच्या नजरेचं माप घेत होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

रंग तपासायला मी कागदाची एक पट्टी जवळ ठेवते. तिचा कोरा तुकडा त्यांनी मागून घेतला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. ट्रकची अख्खी पाठ रंगवणारा तो माणूस श्वास धरून त्या एवढ्याशा कागदावर वाकला. काठाची रेघ त्यांनी गडद काळ्या-निळ्या रंगाने ओढली. एरवी मी ओरडले असते.

“फिक्कं तिले दिसत नाई मॅडम,” ते मान वर न करता म्हणाले.

नदी गडद, झाऊ गडद, अर्जुन गडद. मधली रेती नुसता कोरा कागद. सूर्य नाही, होडी नाही, नाव नाही, मोबाईल नंबर नाही. मी तीन वर्षं घसा कोरडा करून जे शिकवत होते ते सगळं त्यात होतं, आणि त्यातलं काहीच त्यांनी माझ्याकडे पाहून केलं नव्हतं.

वाळल्यावर तो तुकडा त्यांनी बायनाबाईंच्या हातात दिला. त्यांनी हात लांब केला, थोडा जवळ आणला, पुन्हा लांब केला. मग हात एका जागी थांबला.

“अवो, पूरं हाये,” त्या म्हणाल्या. “पूरं बेट हाये.”

दुसऱ्या हाताचं बोट त्या कागदावर टेकलं. “इथी बाबाची झोपडी. इथून डोंगा लागे. इथी माही चप्पल वाहून गेली होती.” त्या कागदावर बघायच्या, मग मान उचलून नदीकडे, मग पुन्हा कागदाकडे. कोणत्या तुकड्यानंतर कोणता तुकडा येतो ते आता त्यांना ठाऊक झालं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं बेट त्यांनी असं फिरून घेतलं. देवरावभाऊ ब्रश पुसायच्या फडक्यानेच तोंड पुसत होते, गालाला निळा रंग लागला होता. खुशबूने पाठ फिरवली. मला रडू लपवायला जमलं नाही.

मग बायनाबाईंनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“पन याच्यात तुमी कुठी हाव?”

“मी?”

“नाव नाई, नंबर नाई. नारळ कुठी गेला तुमचा?”

“तिथी नारळ नाई न, बायना.” मग चोरट्या नजरेने माझ्याकडे पाहून ते म्हणाले, “आन् मॅडमनं बंद केला हाये.”

“बापाचं बेट पाह्यलं मी. मले तुमीबी दिसाले पायजे त्याच्यात. टाका.”

देवरावभाऊ आपले ब्रश चाळू लागले. त्यांच्याकडे एवढा बारीक ब्रशच नव्हता. मी माझ्या पिशवीतला सगळ्यांत बारीक ब्रश काढला, पाण्यात बुडवून टोक नीट केलं आणि त्यांच्या हातात दिला.

“टाका देवरावभाऊ,” मी म्हटलं. “अर्जुनाच्या बाजूला. जरा झुकलेला.”