मोटारीच्या गादीवरचे पांढरे केस

लेकीच्या पोराचं बारसं जळगाव जामोदले. पहिला नातू, म्हणून ठरवलं, यंदा एस्टी नाही, मोटार. उंद्रीच्या शेठजीची मोटार केली. तुम्हाले जायचं तर भाडं निघायच्या आधीच ठरवा.

मी दुसऱ्या पुस्तकापर्यंत शिकलेली, पण नजर पक्की हाय माही. परक्या गादीवर कोण कोण बसलं असेल, म्हणून घरची गोधडी अंथरली. वर बाळंतविड्याचं गाठोडं, त्यात डिंकाचे लाडू अन् हातानं शिवलेली लाल मखमली कुंची.

खामगावले उतरलो, गरम भजी खाल्ली. पाहते तं लुगड्याले पांढरे केस.

"सुखदेव, शेळ्या वाहतो काय रे हिच्यातून?"

"नाही, आजी," ड्रायव्हर म्हणे. "जनावर घातलं तं शेठ मले कामावरून काढीन."

चोर कधी हाव म्हणतो काय? हात ओला करून गादी एकाच बाजूनं पुसली. केसांच्या वळ्या होतात, उचलून फेकायच्या. ध्यानात ठेवा, झाडूनं काही होत नाही. पण नांदुऱ्याले पाहते तं पुन्हा तेवढेच.

"आता शेठलेच सांगीन."

"लेकराबाळांचा माणूस हाय मी, आजी." मंग पूर्णा नदी ओलांडून त्यानं मोटार लेकीच्या दारात उभी केली.

विहीणबाई लई बारीक नजरेची. कुंची उजेडात धरली, मंग गोधडी झटकली. "तुमच्या घरी मांजर हाय काय हो?"

"हाय. चंपी."

"पांढरी?"

"हाव."

"गोधडीवर निजते?"

मी कुंची ओल्या हातानं पुसायले बसली. बाया हासल्या, सुखदेव नाही हासला. नातू मात्र कुंचीत असा गोड दिसला, की पुसता पुसता दोनदा मुका घेतला.

येताना गोधडी बांधूनच ठेवली. उंद्रीत उतरून लुगडं पाहिलं, एक केस नाही. शेठ दारातच उभा. "मोटार कशी वाटली, आजी?"

सुखदेव खाली पाहून राह्यला.

"मोटार साफ हाय. केस माह्या मांजरीचे होते. मीच आळ घेतला याच्यावर."

सुखदेवनं गाठोडं उतरवलं. "पुढच्या टायमाले चंपीले आणा, आजी. गोधडी घरी ठेवा."

घरी येऊन गोधडी धुतली, वाळत टाकली. चंपी खाली बसून ती वाळायची वाट पाहून राह्यली.