सवतीचं कुंकू

आमच्या पार्कात रोजचे पहिले प्रवासी म्हणजे वाळूची पोती. फाटक उघडण्याआधी आकाशपाळण्याच्या एकेका पाळण्यात ती बसवायची, समोरचा दांडा लावायचा आणि चाक फिरवायचं. इतके गुणी प्रवासी मी आयुष्यात पाहिले नाहीत. ते ओकत नाहीत, वर गेल्यावर फोटोसाठी उभे राहत नाहीत आणि उतरताना "मॅडम, एवढ्यात संपलं?" असं विचारत नाहीत. पोती फिरत असतात तेव्हा मी खाली डोळे मिटून उभी असते. नवीन माणसांना वाटतं, मॅडम भाविक आहेत. मी फक्त ऐकत असते. बेअरिंग बिघडणार असेल तर ते आधी कुरकुरतं, माणसासारखंच.

पाळणे, घसरगुंड्या, गोल फिरणारे घोडे, या सगळ्यांची देखभाल हे माझं काम. राहते एव्हरशाईन सिटीत आणि रोज सकाळी स्कूटरवरून चांदीप गावाच्या बाजूला, शेतांच्या मधोमध असलेल्या आमच्या पार्कात येते. नातेवाइकांत या नोकरीला काडीची किंमत नाही. "तुझी मजा आहे बाई, रोज जत्रा," असं माझी माणिकपूरची नणंद दर दिवाळीला म्हणते. मी तिला एकदा सांगून पाहिलं की जत्रेत वर जाणाऱ्यांपैकी मी नाही, त्यांना धडपणे खाली आणणाऱ्यांपैकी आहे. तिने माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

हे सगळं हसत सांगते खरी, पण आज जे सांगायचं आहे ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

आकाशपाळणा चालवायचे त्यांना सगळं पार्क मामा म्हणायचं. खाडीकाठच्या मिठागरांच्या गावचे. हे चाक उभं करायला जी माणसं आली होती त्यांच्यात ते होते; चाक उभं राहिलं, बाकीचे गेले, मामा चाकापाशी राहिले. ग्रीस कधी घालायचं, बोल्ट किती आवळायचा यावरून आमचे दोघांचे वाद चालत. हरेल त्याने चहा आणायचा असा नियम होता आणि चहाच्या किटलीने आमच्या दोघांचेही हात सारखेच ओळखले होते.

मामांची बायको, म्हणजे आमच्या मामी, त्या चाकात कधीच बसल्या नव्हत्या. त्या बाईला वादळात होडीत बसवून खाडीपार न्या, हूं की चूं करणार नाही. पण घरात माळ्यावरचं पातेलं काढायचं तर शेजारणीला हाक मारणार. उंचीची भीती होतीच, आणि शिवाय राग होता. चाकाला त्या सवत म्हणत. "सकाळी उठले का तिच्याकडं. सनाच्या दिवशी तर जास्तच. माज्याकडं जेवायला येतात तेवढं," असं त्या मला मामांच्या देखत सांगायच्या आणि मामा किटली उचलून चालू लागायचे.

पण दसऱ्याला मामी स्वतःहून यायच्या. त्या दिवशी आम्ही सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा घालतो, पान्हे-पकडी मांडून पूजा करतो. मामींच्या ताटात चाकासाठी वेगळं कुंकू असायचं. "सवत झाली म्हनून काय झालं? सनासुदीला तिला तशीच ठेवायची?" वाऱ्याने उडू नये म्हणून ते कुंकू खोबरेलात कालवलेलं असायचं. वाटी घेऊन मामा कमरेला पट्टा बांधत आणि शिडीने चाकाच्या मध्यापर्यंत चढत. तिथे एक जाड लोखंडी गोल आहे, त्यातून चाकाचे सगळे आरे फुटतात. मामा त्याला चाकाचं कपाळ म्हणायचे. दर वर्षी त्याच जागी, एका आऱ्याच्या मुळाशी, ते अंगठ्याने टिळा ओढायचे आणि मामी खालून ओरडायच्या, "नीट लावा. वाकडं लावलंत तर मला नावं ठेवंल ती."

त्या वर्षीचा दसरा मामांचा नोकरीतला शेवटचा होता. दिवाळीची सुट्टी संपली की ते घरी बसणार होते. टिळा लावून मामा उतरले, घाम पुसत उभे राहिले, आणि मामींनी सगळ्यांसमोर विचारलं, "पाडव्याला ओवाळीन तेव्हा ताटात काय टाकाल?"

"काय पायजे?"

"चक्कर."

मामांना कळलंच नाही. मामींनी चाकाकडे हनुवटी केली. "हिच्यात. एकदा. तुमी घरी बसायच्या आधी."

मामांनी मान वर करून चाकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती वर नेईल. खाली सोडंल का ते तिला विचार."

"तुमी असाल ना खाली."

"मी खाली नसन. मी तुज्यासमोर बसन." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चक्कर तू चालवशील, बाय?"

मी नाटकातल्या दरबाऱ्यासारखी कमरेत वाकले आणि म्हणाले, "आज्ञा." सगळे हसले. मामी हसल्या नाहीत. त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला होता आणि त्या वरच्या पाळण्याकडे बघत होत्या, जणू आत्ताच तिथे बसल्या आहेत.

इथे रंगाबद्दल सांगायला हवं. चाकाची वर्षाची मोठी तपासणी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ठरली होती. मी मालकांना सांगत होते की तपासणी होऊ द्या, मग रंगवा. रंगाखाली लोखंड काय करतंय ते दिसत नाही. मालक चांगला माणूस, कधी कुठल्या दुरुस्तीला नाही म्हणाले नाहीत. पण दसऱ्याला रंग हवाच, हा त्यांचा हट्ट. "सणाला तिला जुन्या कपड्यात उभं करू का?" या पार्कात चाकाला चाक म्हणणारी बहुधा मी एकटीच होते. तर चाक दसऱ्याआधीच पांढरंशुभ्र झालं होतं.

दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांनी, पोत्यांची फेरी झाली आणि रोजच्या पाहणीसाठी वर चढलेल्या मामांनी हाक दिली. "बाय, वर ये. गंमत दाखवतो."

ओढणी कमरेला गुंडाळून, पट्टा अडकवून मी चढले. मामा चाकाच्या कपाळापाशी टेकून उभे होते, हातात बोळा, चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. "हे बघ. तेलाला धूळ धरते म्हनून कुंकू पुसून काढलं. टिळा गेला. पन ही रेघ बघ. काल रॉकेलनं पुसली, आज परत हजर. सवतीचं कुंकू हिनं ठेवून घेतलं." ते हसत होते. "घरी जाऊन सांगतो. तुजी सवत तुज्यावर खूश हाय."

नव्या पांढऱ्या रंगावर, आऱ्याच्या मुळाशी, वेल्डिंगच्या कडेकडेने केसाएवढी लाल रेघ होती. टिळा उभा असतो. ही रेघ आडवी होती आणि टिळ्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेली होती.

लोखंडातला तडा शोधायची आमच्या कामात एक रीत आहे. जागा स्वच्छ करून तिच्यावर एक लाल द्रव लावतात. तडा असला तर द्रव आत झिरपतो. मग वरचा लाल रंग पुसून टाकतात आणि पांढरी भुकटी फवारतात. आत लपलेलं लाल हळूहळू पांढऱ्यावर वर येतं आणि तडा स्वतःचं चित्र काढून दाखवतो. मामींनी लाल रंग दिला होता, तेलात कालवून. मालकांनी पांढरा दिला होता, आणि चाक फिरता फिरता तो तड्यावर चिरला होता. पुसायचं काम मामांनी केलं होतं. सगळी चाचणी सणाच्या सामानात पार पडली होती.

"मामा," मी म्हणाले, "ही रेघ कुंकवाची नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रेघेकडे. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं. मग त्यांनी रेघेवर अंगठा ठेवला आणि उचलला. अंगठ्याच्या रेषांत लाल उमटलं.

"काल शाळेची पोरं बसली व्हती," ते म्हणाले. "भरून."

आम्ही उतरलो. मामा माझ्या पुढे होते. शिडीच्या प्रत्येक पायरीवर त्यांचा पाय आधी चाचपडत होता, मग टेकत होता. खाली आल्यावर त्यांनी वीज तोडली, किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. फाटकाबाहेर रांग लागायला सुरुवात झाली होती. मालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी रांगेकडे एकदा पाहिलं आणि "बंद" एवढाच शब्द बोलले. त्यांच्या रंगाबद्दल त्या दिवशी मी अवाक्षर काढलं नाही. पुढेही काढलं नाही. त्यांनीच एकदा म्हटलं, "आता आधी तपासणी." मी "बरं" म्हटलं.

रंग खरवडला, खरी चाचणी केली. पहिला तडा बोटभर निघाला आणि शेजारच्या आऱ्यांच्या मुळाशी त्याची भावंडं निघाली. बाहेरून तपासनीस आले. त्यांनी बराच वेळ हातोडीने ठोकून पाहिलं, कान लावून ऐकलं. वेल्डिंग करता येईल, ते म्हणाले, पण जोड धरणार कुठे? लोखंड दमलंय. इतकी वर्षं चाललं ते चांगल्या देखभालीमुळे. आता याहून जास्त मागू नका. मामा शेजारी उभे राहून ऐकत होते. ही स्तुती त्यांचीच होती, आणि एखाद्याच्या मयताला यावं तसे ते हात बांधून उभे होते.

चाक उतरवायचं ठरलं. क्रेन दिवाळीनंतर मिळणार होती. तोवर चाकाला जाड साखळ्या घालून जमिनीशी बांधून ठेवलं आणि खालच्या बाजूचे, हाताशी येणारे पाळणे काढून दुरुस्तीच्या शेडमध्ये ठेवले.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मामा माझ्या खोलीत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाय, एक चक्कर. पार्क बंद झाल्यावर. दोघंच आमी. कोन बघनार नाय."

मी नकारार्थी मान हलवली.

"हळू चालव. अगदी हळू. रोज एवढी वाळू फिरवत व्हतो आपन. त्या वाळूपरीस आमी जड हाव?"

ते हिशेबाने खरं होतं. दोघांची मिळून दोन पोती झाली असती. बहुधा चाकाने त्यांना नेऊनही आणलं असतं. ते 'बहुधा' माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पाडव्याची संध्याकाळ, दिवे, नवी साडी, समोरासमोर दोघं. नाटकातला असा प्रवेश सोडून देणं सोपं होतं होय? पण या कामात 'बहुधा' हा शब्द उच्चारायचा नसतो.

"वाळू पडली तर पुन्हा भरता येते, मामा," मी म्हणाले.

मामांनी टेबलावरची किटली उचलली आणि ते चहा आणायला गेले.

पाडव्याला मामी आल्याच. हिरवी नवी साडी, हातात ताट. चाक बंद पडल्याचं त्यांना माहीत होतं, कशामुळे सापडलं तेही माहीत होतं. साखळ्यांनी बांधलेल्या चाकाकडे त्यांनी एकदाच पाहिलं. "आजारी पडली तर सांगायचं की मला," त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते मी विचारलं नाही.

मी त्यांना दुरुस्तीच्या शेडमध्ये नेलं. तिथे पाळणे तपासायची लोखंडी चौकट आहे. पाळणा तिला टांगला की जमिनीपासून वीतभर उंच राहतो. मी सकाळीच एक टांगून ठेवला होता, आणि हो, त्यात आधी पोती बसवून पाहिली होती.

मामींनी मामांना ओवाळलं. मग पाळण्यात बसल्या, वीतभर उंचीवर, आणि दोन्ही हातांनी दांडा असा धरला की बोटं पांढरी पडली. मामा समोर बसले. मी मागून हलकेच झुलवू लागले.

"मिटा डोळे," मी म्हणाले. "मामा, चला वर."

मामांनी घसा साफ केला. आधी त्यांना लाज वाटत होती. "आता... आता घोडे खाली गेले. तिकिटाची खिडकी खाली गेली. आता शेतं दिसतात. भात पिवळा झालाय." त्यांचा आवाज हळूहळू मोकळा झाला. "नदी आली. डोंगर आला. आता सगळ्यात वर. इथं वारा वेगळा लागतो. इथं क्षनभर चाक थांबल्यासारखं वाटतं, पन थांबत नाय."

"समुद्र?" मामींनी विचारलं. वर्षानुवर्षं मामा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले होते की वरून समुद्र दिसतो.

"नाय दिसत. डोंगर आड येतो. मी उगाच सांगायचो लोकांना."

"आनि आपलं घर?"

मी झुलवणं जरा मंद केलं.

"घर कधीच दिसलं नाय," ते म्हणाले. "लय वेळा बघितलं मी."

मामींनी डोळे उघडले नाहीत. दांड्यावरचा एक हात सोडला आणि समोर चाचपत त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. पाळणा येत-जात राहिला. मग मामा म्हणाले, "उतरतोय आता," आणि मी हात काढून घेतला.

झोका कमी होत होता तशा मामी उठायला लागल्या. मामांनी दांडा वर न करता तिथल्या तिथे दाबून धरला.

"पाळणा थांबू दे," ते म्हणाले. "पुरता थांबल्याशिवाय उठायचं नाय."

मग तो पुरता थांबेपर्यंत ते दोघं तिथे बसून राहिले.