डाळीतले खडे आणि लिंबाजीरावांचं आरमार

आदरणीय लिंबाजीराव म्हस्के यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते वाटूरच्या वेशीत. मी या गावची सून होऊन पाच वर्षं झाली होती. हे गृहस्थ इंग्रजांच्या आरमारातून परत आले होते. डोक्यावर निळी लोखंडी पेटी, आणि नोकरी गेलेली. का गेली, ते कुणाला सांगेनात. मी पाणवठ्यावर म्हणाले, "जहाजावरची भांडी लांबवली असतील, म्हणून हाकललं." बायका हसल्या. मीही घागर भरून घरी आले.

ते बोलणं माझं होतं, हे त्यांच्या सत्काराच्या या अंकात छापावं म्हणून मी लिहायला बसले आहे.

पुढं गावात त्यांना भांडीचोर म्हणायला लागले. त्यांच्या थोरल्या मुलीला हसनाबादहून स्थळ आलं होतं. चहा झाला, पोहे झाले, आणि पाहुण्यांनी जाताना वेशीत काहीबाही ऐकलं, ते पुन्हा फिरकले नाहीत. लिंबाजीराव कुणाशी भांडले नाहीत. जहाजाच्या पोटात बॉयलरपुढं कोळसा ओढलेला माणूस. इंजिनाची भाषा त्यांना कळायची. ते शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं दुरुस्त करू लागले. इंजिनाला कान लावून, डोळे मिटून ऐकायचे. गावाला तेवढं ऐकून घ्यायची सवय न्हाई.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या विहिरीत हातभर पाणी उरलं आणि नेमकं इंजिन बसलं. मोसंबीची पानं गळून राह्यली होती. लिंबाजीराव सकाळी विहिरीत उतरले ते दिवस मावळताना वर आले. इंजिन चालू झालं. आमची बाग त्यांच्या हातानं जगली, हे माझी नातवंडंही जाणतात.

त्यांचं दुसरं काम म्हणजे त्यांची वही. आपल्या देशाच्या आरमाराचा, त्याच्या लढायांचा इतिहास ते कैक वर्षं लिहून राह्यले आहेत. दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या ओट्यावर वाचून दाखवतात. समुद्र इथून दोन-अडीचशे मैल, आणि ऐकायला कापूस वेचणारी माणसं. हिटलरच्या लढाईत मालाच्या जहाजांची राखण कशी केली, गोव्याच्या वेळी जहाजं कशी गेली, एकाहत्तरला लहान बोटींनी कराचीला कशी आग लावली, सगळं बराबर सांगतात. आपलं बुडालेलं जहाजही सांगतात. ते वाचताना थांबतात, चष्मा पुसतात, पुन्हा वाचतात. फुगवून एक शब्द सांगत नाहीत.

मागच्या वर्षी मी वही हातात घेतली. मला वाचायला वेळ लागतो, पण कोरं पान कळतं. हिटलरची लढाई संपली, आणि पुढं चार पानं कोरी.

"इथं काय झालं?" मी विचारलं.

"तिथं मी होतो, वैनी. माझ्या तोंडून कोण खरं मानणार?"

"मानायचं का न्हाई ते मी बघीन. तुम्ही बोला."

मंग त्यांनी सांगितलं. सेहेचाळीस साल, मुंबई बंदर. डाळीत खडे, भातात किडे, आणि तक्रार केली तर गोऱ्या साहेबाच्या शिव्या. एके दिवशी पोरांनी ताटं खाली ठेवली. ती बातमी या जहाजावरून त्या जहाजावर गेली, इंग्रजांचे झेंडे उतरले, तोफांची तोंडं फिरली. नंतर धरपकड. कितीकांना काढून टाकलं, त्यांत हे एक.

मी विचारलं, "आणि भांडी?"

"भांडी तिथंच ठेवली, वैनी. भरलेली."

"माझं बोलणं ठाऊक होतं तुम्हाला?"

"पेटी घरात ठेवायच्या आधीच कानावर आल्तं."

"मंग दुष्काळात माझ्या विहिरीत कशाला उतरला?"

"इंजिन थोडंच काही बोललं होतं मला?"

त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई, एवढंच लिहिते. खडे वेचण्यात माझा जन्म गेला. एका खड्यासाठी मी सुनेला चार गोष्टी सुनावते. आणि ताट खाली ठेवणाऱ्याला मी चोर केलं.

तेव्हा वाटूरच्या, हसनाबादच्या आणि जिथं जिथं हा अंक जाईल तिथल्या माणसांनी ऐकावं: चोरी झालीच न्हाई. ते बोलणं माझं होतं आणि बिलकुल खोटं होतं. ती चार पानं आता भरली आहेत. सत्काराच्या दिवशी हारांच्या आधी ती वाचावीत, ही माझी अट आहे.

लिंबाजीरावांना चांगली शंभर वर्षं मिळोत. गुडघे चालोत, कान असेच राहोत, वहीला पानं जोडावी लागोत. सत्कार झाल्यावर त्यांनी आमच्याकडं जेवायला यावं. डाळ मी स्वतः निवडून ठेवली आहे. खडा लागलाच तर ताट खाली ठेवावं. या खेपेला पाणवठ्यावर जाऊन खरं तेच सांगीन.