विमान उतरलं नाही तो माळ

आम्ही सर्व्हेवाले रिटायर्ड लोक जमलो की काढलेले नकाशे कुणालाच आठवत नाहीत, किस्से मात्र एकही विसरलेला नसतो. त्यातून भोरचा विषय निघाला की चहा पुन्हा सांगावाच लागतो!

सत्तरच्या दशकाची सुरुवात. विमानं वाढणार, तेव्हा पुण्याजवळ आणखी एक धावपट्टी हवी, असं सरकारच्या मनात आलं. आंबवड्याच्या अलीकडचा एक माळ नकाशावर फारच सपाट दिसला आणि आमची पार्टी भोरला येऊन पडली. धावपट्टी काही झाली नाही. माळावर आजही म्हशी चरतात. पण ती कशी झाली नाही, ते ऐका.

* * *

पहिल्याच दिवशी पुढची एसटी चुकली आणि आम्ही सामानासकट कापूरहोळच्या फाट्यावर अडकलो. हॉटेलवाल्याने ट्रायपॉड बघून विचारलं, "फोटुवाले का?"

"नाही हो. इथं विमानतळ करायचाय."

त्याने रस्त्याकडे पाहिलं. एसटीचा पत्ता नव्हता.

"करा की! पर आदी ही येष्टी तेवडी टायमाला आणा!"

* * *

आमचे साहेब म्हणजे इंजिनियर देशमाने. डोक्यावर सोला हॅट, बोलणं मोजकं. हातात घेतलेलं काम अर्धवट सोडलेलं आम्ही कधी पाहिलं नाही. धावपट्टी इथेच करायची, असं त्यांनी मनात पक्कं केलं होतं.

माळावर आम्ही लाल निशाणं रोवायचो, आणि दुसऱ्या दिवशी नुसत्या काठ्या! साहेब चिडून गावात शोधायला निघाले. एका अंगणात रखमाबाई म्हणून एक आजी नातवाची गोधडी वाळत घालत होत्या. मधोमध आमची निशाणं, सुबक टाके घातलेली.

"बाई, हे सरकारी कापड आहे!"

"व्हय? मला वाटलं, वाऱ्यावर सोडल्यालं हाय!"

साहेबांनी गोधडी नीट निरखली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्यापासून चुन्याने खुणा करा."

* * *

देवळासमोर गावाची सभा भरली. साहेबांनी रस्ते, नोकऱ्या, सगळं समजावून सांगितलं. तात्या म्हणून एक म्हातारे होते, ते उठले.

"साहेब, इमान उतरल्यावर आमच्या म्हशी कुठं जायच्या?"

"म्हशींना सरकार दुसरी जागा देईल."

"दुसरी जागा हाय?"

"आहे ना!"

"मग इमानालाच द्या की ती!"

* * *

माळाच्या टोकाला मेलेली जनावरं टाकत, त्यामुळे आभाळात कायम गिधाडं घिरट्या घालत. विमानाला धोका आहे, असं साहेबांनी मुंबईला कळवलं. उत्तर आलं : 'सदर पक्षी तातडीने हटवण्यात यावेत.'

साहेबांनी मला उलट टपाली मजकूर सांगितला : 'पक्ष्यांचे पुनर्वसन कोठे करावे, याबाबत आदेश व्हावेत.'

त्यावर काही मुंबईचं उत्तर आलं नाही!

* * *

मग जमीन तपासायला माळावर चाचणीचे खड्डे खणणं सुरू झालं, आणि हसणं थांबलं.

एका दुपारी माळाखालच्या बौद्धवाडीतल्या सोनूबाई भोरच्या ऑफिसात आल्या. चालत आल्या होत्या. बस म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"साहेब, वर तुमी खांदताय आन् खाली आमचा झरा गढूळ झालाय. गावच्या हिरीवर आमाला कुनी येऊ दिलं न्हाई, म्हून ह्यो झरा माज्या सासऱ्यानं दगड वाहून बांदला. त्यो म्या जाऊ द्यायची न्हाई."

साहेब लगेच जीपमध्ये बसले. झऱ्याच्या काठावर उकिडवे बसून त्यांनी पाण्यात हात घातला. ओंजळीत लाल चिखल आला. माळावर मुरलेलं पाणीच खाली येतं, आणि त्यावरच आपण डांबर ओतणार, हे त्यांना तिथं कळून चुकलं.

"खड्डे बुजवा," ते उठून म्हणाले. "जागा अयोग्य आहे. मी तसं कळवतो."

आणि कळवलंही. आमच्यातल्या एकाने भीत भीत विचारलं, "साहेब, वरचे ऐकतील?"

"ते त्यांचं काम. सांगणं माझं."

* * *

वरचे ऐकेनात. मुंबईचे मोठे साहेब स्वतःच आले. "धोरण ठरलंय देशमाने. पाण्याचं नंतर बघू. उद्या सकाळी माझ्यासमोर आखणी करा."

सकाळी माळावर आलो, तर जिथून रेघ मारायची तिथंच माणसं उभी! बौद्धवाडीच्या बायका होत्या, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून गावातल्याही. मधोमध सोनूबाई. कुणी ओरडत नव्हतं, कुणी हलतही नव्हतं.

मोठे साहेब जीपमधूनच गरजले, "देशमाने, या लोकांना बाजूला करा!"

देशमाने साहेबांनी डोक्यावरची हॅट काढून माझ्या हातात दिली. शांतपणे चालत गेले. सोनूबाईंसमोर क्षणभर थांबले, मग वळले आणि जीपकडे तोंड करून रांगेत उभे राहिले.

सोनूबाई जराशा सरकल्या.

"या साहेब, हितं लई जागा हाय!"