बँड कुणी फोडला

आपल्या आयुष्यात पुढे काय काय घडायचं, हे इंग्लंडातल्या पाच पोरांनी साठ वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं आहे, अशी ठाम समजूत असलेला माणूस जगाच्या पाठीवर एकच असेल आणि तो माझ्या बायकोचा मावसभाऊ आहे. ही पाच पोरं म्हणजे रिदम अँड ब्लूज वाजवणारा एक बँड. बँडचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ज्यांना ते आधीपासून ठाऊक नाही त्यांच्या कानावर ते उगाच पडू नये, असं आमच्या मेव्हण्यांचं म्हणणं आहे. ते स्वतःही त्यांना नुसतं 'पोरं' म्हणतात. त्यातली दोन पोरं आता वारली आणि उरलेल्यांना जिना चढवत नाही, पण मेव्हण्यांच्या लेखी ती अजून लंडनजवळच्या एका ओलसर तळघरात तालीम करताहेत आणि आई जेवायला हाक मारील म्हणून अधूनमधून घड्याळाकडे बघताहेत.

मेव्हणे मूळचे सांगलीचे. त्यांचा एक मामा बोटीवर होता, त्याने आणलेली तबकडी त्यांनी शाळेत असताना ऐकली आणि तिथून हा माणूस कामातून गेला. ते संगीत म्हणजे मुळात अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःख. ते इंग्लंडच्या गोऱ्या पोरांनी उचललं, बोटीवरच्या मामाने सांगलीला आणलं आणि भाच्याने ते विमानाने पुन्हा अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला नेऊन पोचवलं. इथे ते एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचे मॅनेजर आहेत. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात चूक शोधायची, ती लेखी कळवायची आणि सुधारली की पुन्हा शोधायची. हा स्वभाव घरीही सुटत नाही. आमच्या लग्नाच्या व्हिडिओत सनईवाल्याने कुठे मात्रा खाल्ली, ते त्यांनी मला लग्नाच्या वाढदिवशी केक कापता कापता सांगितलं होतं.

असा माणूस बँड काढतो तेव्हा तो आवडीची गाणी वाजवायला काढत नाही, पोरांचा इतिहास पुन्हा बिनचूक घडवायला काढतो. माणसंही त्याच हिशेबाने निवडली गेली. पोरांचा ड्रमर डावखुरा होता, म्हणून मेव्हण्यांनी आपल्या कॉलेजातल्या मुलीला, म्हणजे सईला, तिच्या डाव्या हाताच्या एकमेव गुणावर ड्रमवर बसवलं. ती म्हणाली, "डॅड, दे आर लिटरली ऑल ग्रँडपाज नाउ." त्यावर मेव्हणे म्हणाले, "तेव्हा नव्हते." मला बास गिटार मिळालं. मला ते वाजवता येत नव्हतं, पण पोरांच्या बासवाल्यालाही सुरुवातीला येत नव्हतं. "तुम्ही अगदी परफेक्ट आहात, जावईबापू," असं मला सासरच्या कुणीही म्हटल्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग. तालीम मेव्हण्यांच्या बेसमेंटमध्ये, दर शनिवारी दुपारी, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी. बेसमेंट कोरडं ठाक होतं, खाली कार्पेट होतं, हीच अडचण. पोरांच्या तळघरात ओल होती. मेव्हणे तालमीआधी हवा कोरडी करणारं यंत्र बंद करून टाकत आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, वरून येऊन ते चालू करत. "बुरशी धरली तर ती पोरं येणार आहेत का पुसायला?" असं त्या विचारत. या प्रश्नाला इतिहासात उत्तर नव्हतं.

सगळ्यात जास्त हाल झाले ते आमच्या माउथऑर्गनवाल्याचे. हे गृहस्थ दातांचे डॉक्टर, वाजवायचे सुरेख. पण पोरांचा पहिला माउथऑर्गनवाला एकदा रेल्वे स्टेशनात बाकावर झोपून राहिला, गाडी चुकली, कार्यक्रम बुडाला आणि त्याला काढून टाकलं, असा इतिहास आहे. वर्ष उलटत आलं तरी डॉक्टर झोपेनात. शेवटी मेव्हण्यांनीच त्यांना एका पॉटलकला, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून जमलेल्या जेवणाला, बाजूला घेऊन विनंती केली, "डॉक्टर, तुम्ही सोफ्यावर जरा डोळे मिटून पडा. बाकीचं मी बघतो." सज्जन माणूस, पडला. खरंच डोळा लागला. उठला तोवर त्याला बँडमधून काढलेलं होतं. पुढचे काही शनिवार डॉक्टर सामोसे घेऊन श्रोते म्हणून येऊन बसले. मेव्हणे नवा माणूस शोधत होते, पण साऱ्या मिनेसोटात माउथऑर्गन वाजवणारा दुसरा मराठी माणूस सापडेना. मग त्यांनाच आठवलं की पोरांच्या नव्या माणसाला मिशी होती. डॉक्टरांनी मिशी वाढवली आणि ते नवीन माणूस म्हणून रुजू झाले. तेव्हापासून मेव्हणे त्यांना आमची सगळ्यांची नव्याने ओळख करून देतात आणि जुन्या माणसापेक्षा तुम्ही फार चांगलं वाजवता, असं अधूनमधून सांगतात.

आता राहिला गायक. तो म्हणजे निखिल, नागपूरचा, आमच्या सगळ्यांपेक्षा बराच लहान, वर्क व्हिसावर आलेला आयटीतला मुलगा. त्याला मेव्हण्यांनी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती म्हणताना हेरलं. आरतीत तो एकटाच असा होता की जो शेवटच्या कडव्यात घाई करत नव्हता. त्याचा आवाज जाड, थोडा खरखरीत, आणि सूर लागला की खोलीतली माणसं हातातलं काम ठेवत. मेव्हणे त्याचं कौतुक कधीच करत नसत. पण तालमीत तो गायला लागला की ते स्वतःच्या गिटारचा आवाज हळूच खाली करत, हे मी बासवर बसल्या बसल्या पाहिलेलं आहे. फक्त तालाच्या बाबतीत क्षमा नव्हती. निखिल ओळीवर किंचित उशिरा यायचा. मेव्हणे थांबत नसत. "ओळ माझ्यासाठी थांबत नाही, तुझ्यासाठी का थांबेल?" असं म्हणून ते पुढे निघून जात.

आमचा उत्कर्षही इतिहासाबरहुकूम झाला. पोरं दुधाच्या व्हॅनमधून हिंडली, म्हणून घरटी दोन दोन गाड्या असताना आम्ही सगळे वाद्यांसकट एका मिनिव्हॅनमध्ये कोंबून जायचो. मंडळाच्या दिवाळीत आम्हाला नाट्यसंगीत आणि मुलांचं लेझीम यांच्यामधली फट मिळाली. बारीक टाय लावलेले पाच जण बघून पहिल्या रांगेतल्या काकूंनी "हे कॅटरिंगवाले का?" असं विचारलं होतं. पुढे एका वृद्धाश्रमात बोलावणं आलं आणि तिथे मात्र कमाल झाली. निखिलने पहिली ओळ उचलली आणि वॉकर घेऊन बसलेली माणसं वॉकर सोडून उभी राहिली. एका म्हाताऱ्या बाईंनी तरुणपणी ती खरी पोरं शिकागोत ऐकली होती. त्या मेव्हण्यांचा हात धरून म्हणाल्या, ती पोरं इतकी वेळेवर कधीच आली नव्हती. मेव्हण्यांना ही स्तुती वाटली नाही. पुढच्या वृद्धाश्रमात आम्ही मुद्दाम उशिरा गेलो. तिथली मंडळी जेवून झोपली होती.

पण मेव्हण्यांच्या इतिहासाचा खरा गाभा म्हणजे बँड फुटण्याची कथा. ती दर शनिवारी चहाबरोबर व्हायची. पोरं अमेरिकेच्या दौऱ्यावर होती, नाव झालं होतं, आणि ऐन कार्यक्रमाआधी गायकाने सांगितलं की मी चाललो, मी आता एकटा गाणार. बाकीचे चौघं वाद्यं हातात धरून तसेच उभे राहिले. गायकाचं नाव मेव्हणे उच्चारत नसत. "तो इसम," असं म्हणत. "जिवाला जीव देणारी पोरं होती. त्या इसमाने बँड फोडला. गिटारवाला मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही आणि बरोबरच केलं त्याने." एवढं बोलून ते बिस्किट चहात बुडवत आणि ते पडेपर्यंत तसंच धरून ठेवत. आम्हाला ही कथा इतकी पाठ होती की सई ओठांनी सोबत म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात निखिलची नोकरी गेली. कंपनीने अख्खी टीमच काढून टाकली. व्हिसावरच्या माणसाने थोडक्या आठवड्यांत दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. तो बिचारा रात्रंदिवस अर्ज करत होता आणि एक नोकरी मिळाली, तीही डॅलसला. ही बातमी घेऊन तो आधी माझ्याकडे आला. बर्फात उभा होता, आत यायलाही तयार नव्हता. "भाऊ, जॉब अ‍ॅक्सेप्ट केला. बायको खूश आहे. पण दादांना कसं सांगू यार? त्यांच्यासाठी मी तोच होणार ना. तो इसम."

मी त्याची समजूत घातली, पण खरं सांगायचं तर मलाही तीच धास्ती होती. ज्या माणसाने एका अनोळखी इंग्रजाला इतकी वर्षं माफ केलं नव्हतं, तो याला काय करणार होता?

शनिवारी निखिलने सांगून टाकलं. मेव्हणे गिटारच्या तारा पुसत होते. ते पुसतच राहिले. कपडे वाळवण्याच्या मशीनमध्ये कुणाचं तरी बटण खडखडत होतं. मग ते वर गेले आणि बऱ्याच वेळाने चहाचा ट्रे घेऊन आले, वहिनींना न सांगता स्वतः केलेला. सगळ्यांना कप दिले आणि घसा खाकरून म्हणाले, "मला एक करेक्शन करायचं आहे. बँडबद्दल आपली माहिती चुकीची होती. गायक गेला नव्हता. गिटारवाल्याने त्याला घालवला."

डॉक्टरांनी मिशीवरून हात फिरवला.

"गिटारवाला फार हट्टी होता," मेव्हणे ट्रेकडे बघत म्हणाले. "कुणाचं ऐकायचा नाही. अशा माणसाबरोबर कोण राहील? गायकाची काही चूक नव्हती. नवीन माहिती आली आहे." कुठून आली, असं सईने विचारलं नाही. तिने पहिल्यांदाच "ओके, बाबा" असं मराठीत उत्तर दिलं.

आणि मग मेव्हण्यांनी हा नवा इतिहास घडवायला घेतला. मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. आम्ही शेवटचं गाणं वाजवलं, टाळ्या झाल्या आणि मेव्हण्यांनी माइक हातात घेऊन सगळ्या हॉलसमोर जाहीर केलं की निखिलचा ताल कच्चा आहे, तो नेहमी ओळीवर उशिरा येतो, सबब आजपासून तो बँडमध्ये नाही. मग खाली उतरून त्यांनी हॉलमधल्या एकूण एक माणसाला तिळगूळ दिला. गोड बोला, गोड बोला म्हणत दरवाजापाशी कोट सांभाळणाऱ्या अमेरिकन माणसालाही दिला. निखिलसमोर आले आणि वाटी घेऊन पुढे गेले. काकू मंडळींत एकच गहजब. "शोभतं का या वयात? संक्रांतीला? नोकरीच्या पायी बिचारं पोर आधीच टेन्शनमध्ये, त्यात यांनी हाकललं!" महिनाभर मेव्हण्यांशी मंडळात कुणी सरळ बोललं नाही. निखिलला मात्र घरोघरून निरोपाच्या जेवणांची बोलावणी आली. तो बँड सोडून गेला, असं आजतागायत कुणीही म्हटलेलं नाही.

निघायच्या दिवशी मी त्याला सामान गाडीत भरायला मदत करत होतो. तो म्हणाला, "भाऊ, मला ती स्टोरी पाठ आहे. त्यात गिटारवाला असा कधीच नव्हता."

"मग तू बोलला का नाहीस?"

"दादा इतक्या सिरियसली भांडत होते ना," तो म्हणाला, "मध्ये कसं बोलणार?" आणि डिकीत तोंड घालून तो बराच वेळ एकच बॅग इकडची तिकडे करत राहिला.

इतिहासात दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत, तेव्हा मेव्हणेही बोलत नाहीत. निखिलचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघतात. पण अजून दर शनिवारी आम्ही जमतो. तालमीच्या वेळी वहिनी खाली येतात, डॅलसला निखिलच्या बायकोला फोन लावतात, स्पीकर चालू करतात आणि कपडे वाळवण्याच्या मशीनवर फोन विसरून वर निघून जातात. दर शनिवारी विसरतात. आम्ही वाजवायला लागतो आणि मशीनवरून तो जाड, खरखरीत आवाज येतो. डॅलसहून यायचा म्हणजे तो प्रत्येक ओळीवर आणखीच उशिरा येतो. त्या फोनकडे मेव्हणे पाठ करून उभे असतात. गिटारचा आवाज त्यांनी आधीच खाली केलेला असतो. ओळ जवळ आली की ते हात तारांवर ठेवतात, आम्हालाही मानेनेच थांबायला सांगतात, आणि तो येईपर्यंत आम्ही सगळे थांबतो.