तेल होतं, पण पोचलं नाही

रविवारची दुपार होती. मी अंगणातल्या नळावर सदूची कामावरची डांगरी धूत बसले होते. ग्रीसचे डाग काही केल्या निघेनात, आणि मी तोंडानं त्याचा उद्धार करत होते, "येऊ दे मेल्याला, आता त्यालाच बसवते धुवायला." तेवढ्यात ठेकेदाराची जीप दारासमोर थांबली. ड्रायव्हर उतरला, पण फाटकाच्या आत येईना. मी ओल्या हातानंच उठले आणि विचारलं, "काय रे, जिंकला का आमचा?" त्यानं टोपी काढली. "बाई," तो म्हणाला, "पहिले मायले घरात घेऊन जा..." मला कळलं. जिवंत माणसाचे कपडे धुवायला बसले होते, आणि तो माणूस सकाळीच गेला होता. डांगरी पुढं चार दिवस तशीच बादलीत पडून होती. कोणी तिला हात लावायला धजेना.

सदाशिव माझा धाकटा भाऊ. आमचं गाव भंडाऱ्याकडचं, धानाची थोडी शेती. भिलाईला कारखाना उभा राहणार म्हटल्यावर आमच्या भागातली पोरं गाडीत बसून निघाली, त्यात हाही निघाला. आला तेव्हा इथं नुसतं मोकळं रान होतं, लाल धूळ, खड्डे आणि तंबू. पाहता पाहता कारखान्याच्या चिमण्या उभ्या राहिल्या. सदू गाड्यांच्या गॅरेजात लागला, डम्परच्या इंजिनांचा मिस्त्री झाला, क्वार्टर मिळालं तसं मला आणि मायला घेऊन आला. मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवते, अधूनमधून पेपरात काहीबाही लिहिते. तो घरात असला की घरभर डिझेलचा वास, आणि मी नाक मुरडलं की म्हणायचा, "ताई, हा पगाराचा वास आहे."

त्याच्यासोबत यशवंता होता. आमच्याच शेजारच्या गावचा, त्याच गॅरेजातला, एकटा जीव. दोन्ही वेळा आमच्याकडेच जेवायचा. माय त्याला सदूच्या आधी वाढायची, कारण सदूला हाक मारमारून आणावं लागे आणि हा आपला पाटावर येऊन बसलेला असे. दोघं जेवताना भांडायचे ते फक्त इंजिनावरून. बाकी जगात काय चाललंय, ह्या दोघांना पत्ता नाही!

मातीकामाच्या एका ठेकेदाराला मोटारींच्या शर्यतीचा नाद होता. पैसेवाल्यांचे नाद, दुसरं काय. युद्धाच्या वेळची विमानं उतरायची एक जुनी धावपट्टी होती, तिथं ही हौशी मंडळी गाड्या पळवायची. ठेकेदारानं एक जुनी विलायती मोटार घेतली, तिचा टप, दारं, मागची सीट सगळं उतरवलं आणि इंजिन सदूच्या हवाली केलं. चालवायचीही सदूनंच. सुटीच्या दिवशी दोघं ठेकेदाराच्या शेडमध्ये, आणि इंजिनाचे सुटे भाग आमच्या अंगणात. माय तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "घर आहे का लोहाराची भट्टी आहे हे?"

एकदा मीच विचारलं, "तुझ्या डम्परात आणि ह्या मोडक्या गाडीत फरक तो काय रे? इंजिन ते इंजिनच ना?" झालं! सदूचा घास तसाच हातात. "ताई, इंजिनले तीन गोष्टी लागतात. खायले, प्यायले अन् अंगाले तेल. डम्पर म्हणजे बैल आहे. डिझेल खाते, सावकाश खाते, दिवसभर ओढते. हे घोडं आहे. ह्याले पेट्रोल पायजे, अन् एका कार्बोरेटरनं पोट भरत नाही, दोन लावा लागतात. पेट्रोल कमी पडलं तर आतून जळते." मग पाण्याची पाळी. डम्पर हळू चालतो, त्याला वारा लागत नाही, म्हणून रेडिएटरसमोर मोठा पंखा. शर्यतीच्या गाडीचा पंखा यांनी काढूनच टाकला होता, कारण पंखा फिरवायलाही इंजिनाची ताकद जाते, आणि गाडी धावली की वाराच पाणी थंड ठेवतो. "अन् तेल?" मी विचारलं. सदू हसला. "तेल एरंडाचं!" मायनं मान वर केली. "अवो बाप्पा! गाडीलेबी जुलाब का?" त्या दिवशी यशवंताला हसता हसता ठसका लागला, पाणी पाजावं लागलं. एरंडाचं तेल म्हणे कितीही तापलं तरी पातळ होऊन सांडत नाही, बेरिंगला धरून राहतं. फक्त त्यात साधं इंजिन-ऑइल मिसळायचं नाही, मिसळलं की आत डिंक होतो आणि तेल गाळायची जाळी बुजते.

हसणं थांबल्यावर यशवंता म्हणाला, "तेल चांगलं आहे, पण वळणावर पोचन का?" इंजिनाच्या तळाशी तेलाचा पसरट डबा असतो, त्याला हे लोक चेंबर म्हणतात. त्यातून पंपाची नळी तेल ओढून वर बेरिंगांना देते. यशवंताचं म्हणणं, धावपट्टीच्या टोकाला लांबलचक वळण आहे, गाडी जोरात फिरली की सगळं तेल एका बाजूला चढेल, नळी उघडी पडेल आणि पंप हवा ओढेल. चेंबरमध्ये टिनाचे आडवे पडदे लावले तर तेल जागेवर राहील. सदूनं हात झटकला. "आपले डम्पर वळत नाहीत का? एकाचंही तेल पळालं का आजपर्यंत?" यशवंता म्हणाला, "डम्पर बैलाच्या चालीनं वळते, सदूभाऊ." "तू गप बस. इथं पाणी उकळून राहिलं अन् तू तेलाच्या मागं लागला!"

आता वाटतं, तसं बोलायला त्याला भिलाईनंच शिकवलं. वैशाखात इथं डम्परचे रेडिएटर चहासारखे उकळायचे. ड्रायव्हर पाण्याचे डबे घेऊन पळायचे, घाईत झाकण उघडलं म्हणून कितीकांचे हात भाजले. इथल्या गॅरेजात इंजिनाचा रोग म्हणजे पाणी, आणि उपाय म्हणजेही पाणी. मग सदूनं काय करावं? त्यानं सगळा जीव पाण्यावर लावला. मोठा रेडिएटर बसवला, नळ्या बदलल्या. कुरुदकडच्या कच्च्या रस्त्यावर भल्या सकाळी गाडी पळवून पाहिली आणि परत येऊन मला म्हणाला, "हात लावून पाह्य ताई, पाणी कोमट आहे फक्त." मी हात लावला. खरंच कोमट होतं. तो रस्ता सरळ होता, हे माझ्या काय ध्यानात येणार!

शर्यत माघातली. त्या सकाळी थंडी होती, पाणी उकळायचा प्रश्नच नव्हता. लांब वळणावर इंजिन जागच्या जागी जाम झालं, मागची चाकं धरली गेली, गाडी आडवी फिरून मुरुमाच्या ढिगावर आदळली. गाडी उलटली नाही. सदू मात्र बाहेर फेकला गेला... बाकीचं लिहीत नाही. मी त्याला पाहिलं आहे, तेवढं पुरे.

ठेकेदार तेरवीलाही आला नाही. हार पाठवला, आणि गॅरेजात सांगून ठेवलं की सकाळी तेल भरायचं काम यशवंताचं होतं, त्यानं कमी भरलं, नाहीतर साधं ऑइल मिसळलं. गोष्ट वाऱ्यासारखी वसाहतीतल्या आमच्या सेक्टरभर फिरली. यशवंता दारात आला तेव्हा माय उठून उभी राहिली. "माह्या लेकराले खाल्लं तू. अन् आता जेवाले आला का?" तो दारातूनच वळला. चपला घालून निघून गेला. बोलायला पाहिजे होतं मेल्यानं! दिवसामागून दिवस गेले, गॅरेजात त्याच्याशी कोणी बोलेना, कोणी त्याच्या हातात पाना देईना. मला राहवेना. मी शाळेतून परस्पर त्याच्या खोलीवर गेले आणि म्हटलं, "चल. माझ्यासमोर इंजिन उघड."

गाडी शेडमध्ये तशीच पडली होती. टाकीत पेट्रोल होतं. रेडिएटर काठोकाठ भरलेला. तेल मोजायची सळई त्यानं ओढली, पुसली, परत घातली, काढली. खूण बरोबर. यशवंता म्हणाला, "सळई खोटी दाखवत असन, ताई. माह्याच हातून कमी भरलं असन." मला त्याचं बोलणं चमत्कारिक वाटलं. निर्दोष ठरायला आलेला माणूस स्वतःविरुद्ध साक्ष का देतो? मी घमेलं पुढं केलं. "काढ सगळं." तेल निघालं, पुरेपूर, एरंडाच्या वासाचं, स्वच्छ. डिंकाचा मागमूस नाही. मग त्यानं चेंबर उतरवलं. आत सपाट, गुळगुळीत तळ, एकही पडदा नाही. वरचं एक बेरिंग मात्र निळंकाळं पडून वितळलं होतं. तेल असूनही ते कोरडं जळालं होतं. पाण्यानं भरलेली परात घेऊन झटकन वळलं की पाणी एका काठावर चढतं, हे मी जन्मभर पाहिलेलं. मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

यशवंता खाली बसला. "मायले नका सांगू, ताई. मेलेल्या मानसाचं नाव कावून खराब करता?"

"आणि तुझं?"

"माह्यं काय... मी जिवंत आहो."

मला रडू आलं आणि रागही आला. यशवंताचा आला, ठेकेदाराचा आला, सदूचा तर सगळ्यांत जास्त. एवढा मिस्त्री म्हणवणारा, मित्राचं एक वाक्य ऐकता आलं नाही? मी ते चेंबर पोत्यात गुंडाळून घरी आणलं, मायसमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. चूक यशवंताची नाही, सदूची आहे. मायनं माझ्याकडे असं पाहिलं की नको. "तू बहीण आहेस का कोन आहेस? त्याले आता तोंड नाही, म्हणून बोलतेस?" मग तिनं बोलणंच टाकलं माझ्याशी. दोघींच्या घरात दोघी मुक्या. आणि यशवंता काम सोडून गेला. कोणी म्हणतं धरणावर गेला, कोणी म्हणतं खाणीवर. गॅरेजात पत्ता नाही, त्याच्या गावीही नाही.

मागच्या आठवड्यात मी सदूची खोली आवरायला घेतली. खाटेखाली त्याच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं काही हाताला लागलं. उघडलं तर टिनाच्या पट्ट्या. कडा घासून मऊ केलेल्या, टोकांना भोकं पाडलेली. मी त्या तशाच उचलून अंगणात नेल्या आणि चेंबरमध्ये पडद्यांसारख्या उभ्या करून पाहिल्या. एकेक पट्टी आपापल्या जागी बरोबर बसली, केसभरही फरक नाही.

माय दारात उभी होती. कधी येऊन उभी राहिली कोण जाणे. जवळ आली, खाली बसली, एका पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"त्यानं केल्या ह्या?"

"हो."

"मंग लावल्या कावून नाही?"

ठरल्या दिवसाच्या आधीच ठेकेदारानं गाडी धावपट्टीवर मागवून घेतली होती. पट्ट्या लावायच्या तर तेल काढा, चेंबर उतरवा, पुन्हा सगळं बांधा. सदूनं म्हटलं असेल, शर्यतीहून येऊन लावू. असेल... मला काय माहीत! मी मायला एवढंच म्हटलं, "वेळ नाही भेटला त्याला." मायनं ती पट्टी पदरानं पुसली. मग म्हणाली, "यशवंताले हे मालूम आहे का?"

"त्याला कसं मालूम असणार? तो समजतो सदूनं त्याचं ऐकलंच नाही."

"मंग सांग त्याले."

"कुठं सांगू, माय? पत्ता नाही त्याचा."

"तू पेपरात लिहितेस ना? लिही."

म्हणून हे लिहिलं. भावाच्या मागं त्याचे गुण लिहावेत अशी रीत आहे, आणि मी त्याची चूक छापायला दिली. लोक बोलतील ते बोलोत. यशवंता, तू जिथं असशील तिथं हा कागद तुझ्या हाती पडो, निदान भाकरीभोवती गुंडाळून तरी येवो. सदूनं तुझं ऐकलं होतं. माय परवापासून भात दोघींच्या मापापेक्षा जास्त टाकते, आणि उरला की झाकून ठेवते.

ये.