चौदा महिने थांबलेलं घर : तोराजातले नऊ दिवस

मार्ता आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर बसते. ती इंडोनेशियाची, सुलावेसी बेटावरच्या तोराजा नावाच्या डोंगराळ मुलखातली. मी नागपूरची, पण गेली नऊ वर्षं कॅनडात, व्हॅन्कूव्हरजवळच्या कोक्विटलाममध्ये. एकदा लंच रूममध्ये डबा गरम करताना ती सहज म्हणाली, "जुलैमध्ये घरी जातेय. पापांचा अंत्यविधी आहे."

मी चमकले. "कधी गेले?"

"गेल्या वर्षी मे महिन्यात. पण आमच्यात विधी होईपर्यंत माणसाला मेलेला म्हणत नाहीत. आजारी म्हणतात. पापा घरीच आहेत. माझे इथे कायम राहण्याचे पेपर अडकले होते, देशाबाहेर पडता येत नव्हतं, म्हणून सगळे थांबलेत."

मायक्रोवेव्ह वाजला तरी मी तशीच उभी होते. तीन वर्षांपूर्वी माझी आई गेली तेव्हा तिकीट मिळून नागपूरला पोचायला मला दोन दिवस लागणार होते. दादानं त्याच संध्याकाळी सगळं उरकलं. मी ते पहाटे घरच्या बाथरूममध्ये उभी राहून फोनवर पाहिलं. पुढे दादाशी माझं बोलणं दिवाळीच्या शुभेच्छांपुरतंच उरलं होतं.

मार्तानं विचारलं, "येतेस?" आणि मी हो म्हणून टाकलं. घरी नवऱ्यानं एवढंच विचारलं, "नक्की?" बारा वर्षांची ईरा म्हणाली, "मॉम, दॅट्स सो वीअर्ड. टेक पिक्चर्स."

प्रवास लांबलचक आहे, ते आधीच सांगते. व्हॅन्कूव्हरहून तैपेई, तिथून जकार्ता, मग मकास्सर. व्हिसा विमानतळावरच मिळतो. मकास्सरहून रांतेपाओ गावापर्यंत बसनं आठ-नऊ तास. बरेच लोक रात्रीची बस घेतात, पण तुम्ही दिवसाची घ्या. अर्धा रस्ता समुद्राच्या कडेनं जातो आणि एन्रेकांगनंतर घाट लागतो, तो पाहण्यासारखा आहे. पोटात ढवळत असेल तर पुढची सीट धरा. सीट आपल्या एसटीपेक्षा ऐसपैस, पण एसी इतका कडक की मी व्हॅन्कूव्हरचं जॅकेट चढवलं.

रांतेपाओत गेस्टहाउस साधं, स्वच्छ, न्याहारीसकट. कॉफी मात्र अशी की कॅनडातल्या टिम हॉर्टन्सचं नाव काढू नये. आणि तिथली एक गोल, लाल मिरची भिवापुरीला हरवते. मी नागपूरकर असूनही डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा वाढणाऱ्या बाईंना फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी मार्ता मला तिच्या घरी घेऊन गेली. भाताच्या खाचरांमधून वाट, आणि समोर तोंगकोनान, म्हणजे त्यांचं कुळाचं घर. छप्पर दोन्ही टोकांना नावेसारखं वर उचललेलं. दारात तिचा मोठा भाऊ योहानिस उभा होता. पन्नाशीचा, बारीक, शाळेत गणित शिकवणारा.

आतल्या खोलीत लाल कापडानं मढवलेली पेटी होती. शेजारी कॉफीचा कप, वाफाळता. देह टिकवायच्या औषधाचा आणि लवंगेच्या सिगारेटींचा मिसळलेला वास. मार्ता वाकून म्हणाली, "पापा, ही माझी मैत्रीण. कॅनडाहून आलीय." मग माझ्याकडे वळली. "तूही बोल. ते ऐकतात."

मी हात जोडले. मग मराठीतच म्हटलं, "नमस्कार काका. तुमची मुलगी ऑफिसात सगळ्यांना सांभाळून घेते." मार्ताला अर्थ कळला नाही, पण ती हसली.

विधी पाच दिवस चालला. जाणार असाल तर काही गोष्टी लक्षात ठेवा : गडद कपडे घाला, हातात साखर किंवा सिगारेटचं खोकं घेऊन जा, स्थानिक गाइड सोबत असू द्या आणि फोटो काढण्यापूर्वी विचारा. पाहुण्यांसाठी बांबूचे मांडव घातलेले असतात. बोलावल्याशिवाय त्यांत बसू नका.

पहिल्या दिवशी म्हैस कापली आणि त्या क्षणापासून पापा 'आजारी' राहिले नाहीत. मी बघू शकले नाही, मान वळवली. शेजारच्या आजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला. नंतर साठ-सत्तर माणसांनी एकमेकांच्या करंगळ्या गुंफून मोठं रिंगण केलं आणि संथ, खोल आवाजात गेलेल्या माणसाच्या आयुष्याची गोष्ट गायली. शब्द कळत नव्हते, पण उठावंसंही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी योहानिस आणि मी धान्याच्या कोठाराखालच्या ओट्यावर जेवत होतो. बांबूत शिजवलेली कोंबडी, लाल भात. त्याचं इंग्रजी शाळामास्तरांचं, नीट जुळवलेलं.

मी म्हटलं, "मार्ता नशीबवान आहे. तुम्ही सगळे तिच्यासाठी थांबलात."

त्यानं घास खाली ठेवला. "सगळे नाही. मी थांबलो. रोज सकाळी खिडकी उघडायची, कॉफी न्यायची, पेटीवरचं कापड बदलायचं. घर एकटं ठेवता येत नाही. मला मकास्सरला चांगली बदली मिळत होती, ती सोडली."

"मार्ताचा राग येतो?"

"नाही. तिला इच्छा असून येता आलं नाही." तो खाचरांकडे बघत म्हणाला, "पण चौदा महिने जो येतो तो पापांबद्दल विचारतो. तुझं कसं चाललंय, असं मला कुणी विचारलं नाही. तिनंही नाही."

आई गेल्यावर पहिल्या महिन्याभरात मी दादाला 'थांबला का नाहीस' हे निदान दहा वेळा विचारलं होतं. त्याचं काय झालं, हे एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेस्टहाउसच्या गॅलरीतून फोन लावला. नागपुरात सात वाजले असतील. दादानं घाबरून उचलला. "काय झालं गं?"

"काही नाही. दादा, त्या दिवशी तुझ्याबरोबर कोण होतं?"

कुठला दिवस, हे त्यानं विचारलं नाही.

"सकाळी कोणीच नव्हतं. मे महिना होता ना, तुझी वहिनी माहेरी, लोक बाहेरगावी. मीच बर्फाच्या लाद्या आणायला गेलो. दोन आणल्या. म्हटलं, तू येतपर्यंत ठेवू. थंड शवपेटीसाठी तीन ठिकाणी फोन केले, एकही रिकामी नव्हती. दुपारपर्यंत पहिली लादी गेली, चार वाजता दुसरी. मग काका म्हणाले, पोरा, आता आईचे हाल नको करू. मी तरी तासभर तुझ्या फोनची वाट पाहून राहिलो होतो."

मी तेव्हा भारतातल्या ट्रॅव्हल एजंटशी भांडत होते. माझा फोन एंगेज होता.

"हे सांगितलं का नाहीस कधी?"

"तू रागात होतीस. आणि ती काय सांगायची गोष्ट आहे? बर्फ वितळला म्हणून?"

"मी चुकले, दादा."

"बरं," तो म्हणाला. मग विचारलं, "तिकडे जेवण मिळतं का नीट?"

पाचव्या दिवशी तिरडी खांद्यांवर घेऊन लोक डोंगराकडे निघाले. ती हलवत, एकमेकांना हाका मारत, हसतसुद्धा. कड्यात कोरलेल्या दारापर्यंत बांबूची शिडी लावली होती. पेटी आत गेली. मार्ता रडली. योहानिस मात्र शिडीच्या पायथ्याशी मोकळ्या हातांनी उभा होता, उद्या सकाळी काय करायचं हे न कळणाऱ्या माणसासारखा. मी मार्ताला बाजूला घेतलं आणि तो जे बोलला होता ते सांगितलं. ती त्याच्याकडे चालत गेली. त्यांचं बोलणं मला ऐकू आलं नाही, ऐकायचंही नव्हतं. उतरताना दोघं सगळ्यांच्या मागे राहिले होते.

परत येऊन आता तीन आठवडे झाले. कोक्विटलाममध्ये उन्हाळा संपत आलाय. लोक विचारतात, भीती नाही वाटली? नाही वाटली. मृत माणूस घरात ठेवणं बरोबर की आपलं लगेच निरोप देणं बरोबर, हे मला सांगता येणार नाही. आमच्या घरी ते जमलंही नसतं. पण जो मागे राहतो, त्याची विचारपूस करायला खर्च लागत नाही आणि इतक्या लांब जावंही लागत नाही. मला जावं लागलं.

आता दर रविवारी दादाला फोन करते. गेल्या रविवारी बागेतल्या पेरूपासून त्याच्या गुडघ्यापर्यंत सगळं बोलून झालं, तेव्हा मी विचारलं, "आईच्या साड्या कुणाला दिल्यास रे?"

"कुठे दिल्या?" तो म्हणाला. "तिचं कपाट मी उघडलंच नाही अजून. तुझी वहिनी दरवर्षी विचारते. मी म्हणतो, रेवा आल्याशिवाय नाही."

मी डिसेंबरचं तिकीट काढलंय.